जुना लॅपटॉप घरी खोलून एसएसडी, रॅम, बॅटरी बदलता येते का? येते, पण स्क्रूपेक्षा केबलकडं लक्ष द्या

भाऊ, तुमचं म्हणणं मला जसं समजलं तसं आधी लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळंल. सेलूला तुमचं ऑनलाइन सेवा केंद्र आहे, लॅपटॉप आय३ ५००५यू वाला, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्डडिस्क. पीक विम्याच्या दिवसात समोर माणसं ताटकळत बसलेली अन् इकडं लॅपटॉप हँग व्हायलाय, पंखा लई आवाज करायलाय, लाइट गेली की बॅटरी लगेच बसायलीय. दुकानवाला म्हणतोय दोन दिवस ठेवून जा, पण आत गिऱ्हाइकांचे आधार, पॅन, सातबारे सगळे आहेत म्हणून जीव होईना. घरीच जमंल का, असं विचारलंय.

जमतंय. परभणीत माझा हाच धंदा आहे, म्हणजे मी खरंतर तुम्हाला दुकानातच या म्हणायला पाहिजे, पण एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी, तबकडी नसलेली चिपवाली डिस्क), रॅम आणि पंख्याची सफाई ही कामं हात स्थिर असलेला कुणीबी माणूस करू शकतो. घरी खोलून बिघडलेले लॅपटॉप दुकानात येतात त्यात एसएसडी चुकीची बसवली म्हणून बिघडला असं क्वचितच दिसतंय. बिघडतंय ते खोलताना नाहीतर परत लावताना. कीबोर्डच्या चपट्या केबलीचं, म्हणजे पट्टीचं, लॉक तुटलेलं असतंय, लांब स्क्रू आखूड जागी घुसवलेला असतंय, नाहीतर बॅटरी जोडलेली ठेवून डिस्प्लेची केबल ओढलेली असते. ह्या तीन गोष्टी सांभाळल्या की बाकी काम निस्तं धीराचं आहे, म्हणून मी पण त्याच्यावरच जास्त लिहितो.

पण खोलायच्या आधी काय घ्यायचं ते ठरवा, कारण चारही गोष्टींवर पैसे घालायची गरज मला तरी वाटत नाही. ५००५यू हा २०१५ चा प्रोसेसर, पाचव्या पिढीचा. विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढं चालतंय, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, जास्तीचे सिक्युरिटी अपडेट नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. म्हणजे ह्या मशीनचं आयुष्य तुमच्या धंद्यासाठी आता मोजकंच आहे. एसएसडी टाका, तिच्याशिवाय काही हलणारच नाही. रॅम ८ जीबी करा. सफाई तर करायचीच. बॅटरीचं मात्र बघून ठरवू, खाली सांगतो.

हँग होण्याचं खरं कारण हार्डडिस्क आहे. लॅपटॉपची हार्डडिस्क ५४०० आरपीएमची असते, म्हणजे तबकडीच्या एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद, त्यात सुई इकडून तिकडं सरकायचा वेळ वेगळा, आणि विंडोज १० एकाच वेळी शेकडो बारीक फाइली मागत असतंय. टास्क मॅनेजरमधे डिस्क १०० टक्के दिसत असंल आणि सीपीयू २०-३० वरच असंल तर दुसरं काही शोधत बसू नका. साटा एसएसडीला (साटा म्हणजे तुमच्या हार्डडिस्कचीच जोडणी) तीच बारीक फाइल मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास सापडते. सेकंदाला ५५० एमबीचा स्पीड डब्यावर छापलेला असतो तो सोडा, तुम्हाला फरक पडणार तो ह्या शोधाशोधीत.

तुमच्यात २.५ इंची साटा एसएसडी लागंल, जाडी ७ एमएम. जुनी डिस्क ९.५ एमएमची असंल तर नवी थोडी हलंल, डब्यात प्लास्टिकची चौकट येते काही वेळा, नसंल तर पुठ्ठ्याची बारीक पट्टी चालती. एम.२ वाली, म्हणजे काडीच्या आकाराची एसएसडी घेऊ नका, त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपमधे तिचा स्लॉटच (खाच) नसतंय. आणि एक आधीच सांगून ठेवतो, ही २.५ इंचीवाली पुढच्या पातळ लॅपटॉपमधे बसंलच असं नाही, तिथं फक्त एम.२ ची जागा असती. तरी वाया जात नाही, केसिंगमधे (यूएसबीच्या बाहेरच्या डबीत) टाकून पेनड्राइव्हसारखी वापरता येते. २५६ जीबी पुरे झाली तुम्हाला. अन् अर्ध्या किमतीत १ टीबी असलं काही ऑनलाइन दिसलं तर बोट आवरा, आत भलतंच कार्ड टाकून साइज खोटी दाखवणारा माल लई फिरायलाय.

रॅमला आधी टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी असं जा, तिथं स्लॉट किती अन् भरलेले किती ते लिहिलेलं असतंय. एकच स्लॉट असंल तर ८ ची एक काडी घेऊन ४ वाली काढायची, दोन असतील तर नुसती भर घाला. ह्या प्रोसेसरला डीडीआर३एल लागते, १.३५ व्होल्टची, स्टिकरवर पीसी३एल लिहिलेलं पाहिजे. तो एल महत्त्वाचा. साधी पीसी३ म्हणजे १.५ व्होल्टची, खाचेत नीट बसती पण लॅपटॉप चालू होत नाही, मग माणूस म्हणतो मदरबोर्ड गेला. डीडीआर४ तर खाचेतच बसत नाही, तिला २६० पिना आणि हिला २०४, म्हणून दाबून बघू नका.

आता डेटा. तुमच्या केसमधे मी नवीन विंडोज टाकायच्या भानगडीत पडणार नाही, क्लोन करा, म्हणजे जुन्या डिस्कची विंडोजसकट जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर घ्या. नवीन विंडोज टाकलं की अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर, आरडी सर्व्हिस (ते मशीन आधारशी जोडणारं सॉफ्टवेअर), डिजिटल सहीचा टोकन, प्रिंटर, सगळं पुन्हा मांडत बसावं लागतंय आणि ते नेमकं गर्दीच्या दिवशी अडतंय. साटा टू यूएसबी केबल घ्या, एसएसडी बाहेरून जोडा, क्लोन करा अन् मगच लॅपटॉप खोला. क्लोनझिला हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पण नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असली की कुरकुर करतंय, आधी विंडोजमधून पार्टिशन (सी, डी असा डिस्कचा भाग) आखूड करावं लागतंय. एसएसडी कंपनीच्या साइटवर बऱ्याचदा त्यांचं स्वतःचं क्लोनिंग सॉफ्टवेअर मिळतंय, ते तुम्हाला सोपं पडंल. त्याच्याही आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर लावून हार्डडिस्कची तब्येत बघा. पिवळ्या रंगात कॉशन दाखवलं तर क्लोन राहू द्या, आधी गिऱ्हाइकांच्या फाइली कॉपी करून घ्या, कारण मरायला टेकलेली डिस्क क्लोनच्या ताणात मधेच बसू शकते. ॲक्टिव्हेशनचं टेन्शन नको, विंडोजचं डिजिटल लायसन बोर्डाशी बांधलेलं असतंय, डिस्क बदलून जात नाही.

हत्यारं जास्त नाहीत. पीएच० अन् पीएच०० नंबरचे दोन चांगले पेचकस, प्लास्टिकचा ओपनर नाहीतर जुनं एटीएम कार्ड, बारीक ब्रश, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, थर्मल पेस्टची (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडं नेणारी पेस्ट) छोटी ट्यूब. मोबाइलच्या ठेल्यावर वीस पेचकसांचा डबा मिळतो तो घेऊ नका, त्याचं टोक पहिल्याच घट्ट स्क्रूला वळतंय आणि स्क्रूचं डोकं गोल करून ठेवतंय, मग तो काढायला माझ्याकडं यावंच लागतंय. पेचकस स्क्रूत ठेवून हलवून बघा, हलला तर नंबर चुकलाय. फिरवताना जोर फिरवायला कमी अन् खाली दाबायला जास्त.

जागा कुठली? टेबल, वर वर्तमानपत्र. पलंगावर चादरीवर बसून खोलू नका, एकतर स्क्रू हरवतात आणि दुसरं म्हणजे आपल्याकडं दिवाळीनंतर हवा इतकी कोरडी होती की ब्लँकेटवरून उठलं तरी चटका बसतोय, तसला चटका रॅमच्या चिपला पुरतो. सुती शर्ट घाला, पंखा बंद ठेवा, अधूनमधून नळाच्या लोखंडी पाइपाला हात लावा. भिंतीतल्या अर्थिंगवर भरवसा ठेवू नका, जुन्या घरात तीन पिनचा सॉकेट असतो पण तिसऱ्या भोकामागं वायरच नसते. म्हणून ॲडॉप्टर काढायचाच, नुसतं बटण बंद करून चालणार नाही.

बंद करताना शिफ्ट दाबून शटडाउन करा, नाहीतर विंडोज १० पूर्ण बंद होतच नाही, फास्ट स्टार्टअपमुळं अर्धवट झोपलेलं राहतंय. मग बॅटरी. त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपला बाहेरून दोन खटक्यांनी निघणारी बॅटरी असते, तसलं असंल तर नशीब चांगलं, काढून बाजूला ठेवा. आतली असंल तर मागचं झाकण निघाल्या निघाल्या पहिलं काम तिचं कनेक्टर काढायचं, दुसऱ्या कशालाही हात लावायच्या आधी. त्यानंतर पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, बोर्डावर उरलेला करंट उतरतो. आतली बॅटरी असंल तर चार्जिंग २५ टक्क्यांच्या खाली आणूनच खोला, चुकून टोक लागलं तरी भडका कमी.

स्क्रूचं असं करा. पुठ्ठ्यावर लॅपटॉपच्या बुडाचा आकार काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथंच पुठ्ठ्यात खोचा. लई जणांना हे पोरकट वाटतंय, पण एकाच लॅपटॉपात तीन-चार लांबीचे स्क्रू असतात, बिजागरीजवळ लांब, मधे आखूड, आणि लांब स्क्रू आखूड जागी गेला की तळहात टेकतो तिथलं प्लास्टिक वरून फुगतंय नाहीतर खालचा बोर्ड टोचतोय. स्क्रू सगळे निघाले असं वाटलं तरी झाकण हलंना तर ओढाताण करू नका, एखादा राहिलाय. रबरी पायांखाली बघा, डीव्हीडी ड्राइव्ह काढल्यावर तिच्या खाचेत बघा, वॉरंटीच्या स्टिकरखाली बोट फिरवून बघा. काही मॉडेलला तर खालून नाही, वरून कीबोर्ड काढून आत जावं लागतंय, काही मोठ्या कंपन्या त्यांच्या साइटवर सर्व्हिस मॅन्युअल फुकट ठेवतात, मॉडेल नंबर टाकून ते आधी वाचा. तुमच्याच मॉडेलचा एखादा व्हिडिओ सापडला तर तो पूर्ण बघा, मधून बघून खोलायला बसू नका.

झाकण लॉकवर बसलेलं असतंय. कोपऱ्यातून कार्ड घालून कडेकडेनं सरकवत न्यायचं, टकटक आवाज येतो, घाबरू नका, तो लॉक सुटल्याचा असतो. डीव्हीडीच्या बाजूनं सुरुवात केली की सोपं जातंय. झाकण एकदम वर उपसू नका, काही मॉडेलमधे त्याला पॉवर बटणाची नाहीतर यूएसबीची पट्टी जोडलेली असते, आधी थोडं उचलून टॉर्चनं आत बघा.

आता त्या पट्ट्या. कीबोर्ड, टचपॅड, पॉवर बटण यांच्या चपट्या केबलींची कनेक्टरं तीन तऱ्हेची येतात आणि ती ओळखता आली की अर्धं काम आलं. पहिल्या तऱ्हेत काळा नाहीतर पांढरा बारीक पापुद्रा असतो, तो नखानं उभा उचलायचा, मग पट्टी आपोआप सुटते. दुसऱ्यात लॉक उचलत नाही, दोन्ही टोकांना धरून मिलिमीटर-दीड मिलिमीटर बाहेर सरकतंय, इथं लोक उचलायला जातात अन् तोडतात. तिसऱ्यात लॉकच नाही, पट्टीला वर निळा तुकडा चिकटवलेला असतो त्याला धरून सरळ मागं ओढायचं. कोणतं आहे ते कळंना तर मोबाइलच्या कॅमेऱ्यात झूम करून बघा. लॉक तुटलं तर पट्टी बसते पण टिकत नाही, मग कीबोर्डची निम्मी बटणं मधेच चालतात मधेच बंद पडतात, आणि ते कनेक्टर बदलायला हॉट एअर (गरम हवेनं सोल्डर वितळवणारं मशीन) लागतंय. डिस्प्लेची केबल तुमच्या कामात काढायची गरजच नाही, तिच्यातून बॅकलाइटचा (स्क्रीनमागच्या उजेडाचा) करंट जातो, बॅटरी जोडलेली असताना तिरकी बसली की बॅकलाइटचा फ्यूज उडतो अन् स्क्रीन काळी. वायफायच्या दोन बारीक वायरी, काळी-पांढरी, बटणासारख्या दाबून बसतात, आड आल्याच तर सरळ वर उचला.

हार्डडिस्क बाजूला सरकवून काढायची, तिची पत्र्याची चौकट सोडवून नव्या एसएसडीला तेच स्क्रू लावायचे, झाकणाचे लांब लावू नका. रॅमचे दोन्ही खटके बाहेर केले की काडी स्वतःच तिरकी उभी राहते. नवी तिरकीच आत घालायची, सोनेरी कड जवळजवळ दिसंनाशी झाली की खाली दाबायची, खट वाजतंय. झालं.

सफाईला मात्र वेळ द्या, कारण तुमचा पंखा ओरडायचं कारण तिथंच आहे. आपल्या भागात, सेलू-मानवतकडं तर जास्तच, जिनिंग सुरू झालं की कापसाचा बारीक रेषा हवेत असतोय. पंखा तो आत ओढतो आणि पंखा अन् तांब्याच्या जाळीच्या मधे गोधडीतल्या कापसासारखा थर बसवतो. बाहेरून ब्लोअर मारला की तो थर निघत नाही, आतच सरकतो. पंख्याचं वरचं झाकण काढा, थर चिमट्यानं अख्खा उचला, मग जाळीत ब्रश. ब्लोअर मारलाच तर पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, तो गरागरा फिरला की बेअरिंगचा बोऱ्या वाजतो. जालन्याच्या एमआयडीसीतून येणाऱ्या लॅपटॉपमधे काळी लोखंडी धूळ असते, ती करंट वाहते, तिथं ब्लोअरनं उडवायची नाहीच, ब्रशनं बाहेर काढायची.

हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढणारी तांब्याची पट्टी) काढणार असाल तर त्यावर १, २, ३, ४ असे नंबर कोरलेले असतात, उलट क्रमानं थोडे थोडे सैल करा, एकच स्क्रू पूर्ण काढू नका. खाली दोन चकचकीत चौकोन दिसतील, एक प्रोसेसर अन् एक चिपसेट. वाळलेली पेस्ट अल्कोहोल लावलेल्या कपड्यानं पुसा, पेचकसानं खरडू नका, ती काच समजा. नवी पेस्ट तुरीच्या डाळीएवढी, प्रोसेसरवर. दुसऱ्या ठिकाणी मऊ राखाडी पॅड असंल तर तो तसाच ठेवा, पॅडच्या जागी पेस्ट टाकली तर मधली पोकळी भरत नाही. मे महिन्यात परभणीचा पारा ४२-४३ ला जातो, खोलीतच इतकं असताना प्रोसेसर शंभरीकडं गेला की स्वतःचा वेग कमी करून घेतो, आणि आपण म्हणतो सर्व्हर स्लो आहे. ही पेस्टची पायरी पहिल्या वेळेला नको वाटली तर सोडा, नुसता थर निघाला तरी पंखा शांत होतो.

बॅटरीचं सांगायचं राहिलं. कमांड प्रॉम्प्टमधे पॉवरसीएफजी स्लॅश बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport) चालवा, फाइल तयार होते, त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी शेजारी शेजारी दिसते. निम्म्याखाली आली असंल तर बॅटरी थकलीय. पण तुमच्या केंद्रात इन्व्हर्टर असंल तर मी ह्या मशीनसाठी नवी घेणार नाही, तेवढे पैसे पुढच्या लॅपटॉपला ठेवा. घ्यायचीच तर लॅपटॉपच्या नावावर नाही, जुन्या बॅटरीवरच्या पार्ट नंबरवर घ्या, आणि व्होल्टेज जुळवा. १०.८ च्या जागी ११.१ चालतंय, पण ११.१ च्या जागी १४.८ वाली अजिबात नको. टचपॅड वर उचललेला दिसला नाहीतर झाकणाला फट पडली तर बॅटरी फुगलीय, चार्जिंग तिथंच थांबवा, टोचू-दाबू नका, घंटागाडीत टाकू नका, ज्याच्याकडून नवी घ्याल त्याला परत द्या.

लावताना सगळे स्क्रू एकदम आवळू नका. दोन-तीन लावा, बॅटरी जोडा, चालू करा, रॅम ८ दिसतीय का, कीबोर्डची सगळी बटणं, टचपॅड, वायफाय, अंगठ्याचं मशीन बघा, मग बाकीचे. स्क्रीन काळी राहिली तर घाबरून पुन्हा सगळं खोलू नका, बहुतेक वेळा रॅम अर्धवट बसलेली असती. विंडोज उचलंना तर बायोसमधे (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमधे) साटाचा मोड क्लोनच्या आधी जो होता तोच आहे का ते बघा, एएचसीआय असंल तर एएचसीआयच राहू द्या.

बिजागरी मोडलेली, चार्जिंगची पिन ढिली, बोर्डाला पाणी लागलेलं, असलं काही निघालं तर मात्र तिथंच थांबा अन् दुकान गाठा, पण डिस्क काढून घेऊन. हार्डवेअरच्या बहुतेक कामाला तुमची डिस्क लागत नाही, टेस्टिंगला दुकानदाराकडं स्वतःची असते. गिऱ्हाइकांचे आधार परक्या टेबलावर दोन दिवस ठेवायची जी भीती तुम्हाला वाटतीय ती बरोबरच आहे आणि तिला उपाय एवढाच.

जुनी हार्डडिस्क लगेच पुसू नका, महिनाभर तशीच ठेवा, एसएसडीवर सगळं नीट चालतंय असं दिसलं की मग. विकायची नाहीतर कुणाला द्यायची असंल तर क्विक फॉरमॅटची टिक काढून पूर्ण फॉरमॅट मारा, क्विकमधे फाइली परत निघतात. पूर्णला तास-दोन तास लागतात, रात्री लावून ठेवा. आणि लॅपटॉपच्या बुडावरचा मॉडेल नंबर कळवा, स्लॉट एक का दोन ते बघून रॅम नेमकी कोणती घ्यायची ते सांगतो.